बकआय खोऱ्यातलं चांगलं पाणी

टॉलिव्हर काउंटीत पांढरा कपडा पांढरा राखणं सोपं नाही. कोळशाच्या खाणी बंद पडून एक पिढी उलटली, पण डोंगराच्या पोटातलं पाणी काही सुधारलं नाही. बऱ्याच घरांत नळ सोडला की आधी खोकल्यासारखा आवाज येतो, मग गंजाच्या रंगाचं पाणी येतं, आणि त्याच्या मागोमाग कुजक्या अंड्याचा वास. बायका पांढरं कापड घेणंच सोडून देतात. रविवारी चर्चमध्ये पाहिलं तर सगळी मंडळी तपकिरी, गर्द निळी, नाहीतर मोठमोठ्या फुलांची. अशा मुलखात आर्व्हेला स्टेपलटनचा एप्रन मात्र दुधासारखा पांढरा असे. ती काउंटीच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची आणि वाढायची. एप्रनचा तिला गर्व होता, फक्त गर्व हा शब्द तिला चालला नसता. ती म्हणायची, "गरिबी कुणाच्या हातात नसते. साबण असतो."

म्हणायला काय जातं! तो एप्रन धुवायला ती डोंगर ओलांडून शेजारच्या काउंटीत जायची, जिथे कपडे धुण्याची भाड्याची यंत्रं होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. प्यायचं पाणीही तिकडूनच. रस्त्याच्या कडेला कातळात कुणीतरी पाइप ठोकून ठेवलीय, तिच्यातून झऱ्याचं पाणी बारमाही वाहतं. ती राहायची त्या बकआय खोऱ्याच्या तोंडाशीही असाच एक झरा होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथे बाटल्या भरताना येणाराजाणारा बघणार, गाडीच्या काचेमागून बोट उचलून नमस्कार करणार, आणि चर्चमध्ये विचारणार, "काय आर्व्हेला, पाणी भरत होतीस?" म्हणून आर्व्हेला लांबच्या झऱ्यावर जायची, आणि भरलेल्या बाटल्यांवर जुनी गोधडी पांघरून त्या घरी आणायची. जशी काही चोरीची दारूच.

एकदा त्या लांबच्या झऱ्यावर तिला दुसरी गाडी दिसली. तिच्या चर्चचे पाद्री, ब्रदर कोलियर, दोन्ही हातांत रिकाम्या बाटल्या घेऊन उभे! दोघंही क्षणभर पुतळे झाले. मग ब्रदर कोलियर डोंगराकडे बघून म्हणाले, "काय सुंदर रंग चढलाय झाडांना यंदा." आर्व्हेला म्हणाली, "फार सुंदर." झाडं अजून हिरवीगार होती. दोघांनी एकमेकांच्या गाडीत पाहिलं नाही, आणि पुढे कधी विषयही काढला नाही. अळीमिळी गुपचिळी. टॉलिव्हर काउंटी याच एका नियमावर चालते.

खरं तर आर्व्हेलाच्या घरचं पाणी एके काळी खरोखर चांगलं होतं. तिचा नवरा एस्टिल खाणीत होता. छातीत धूळ बसून तो घरी बसला, तेव्हा स्वस्थ बसवेना म्हणून त्याने घरामागे खोल विहीर पाडून घेतली, टाकी बसवली, गाळणी बसवली. "एस्टिलच्या विहिरीसारखं पाणी खोऱ्यात नाही," असं लोक म्हणायचे. एस्टिल गेला. त्यानंतर मागच्या डोंगरावर कुणी कंपनीवाल्यांनी सुरुंग लावले, आणि एका सकाळी आर्व्हेलाने नळ सोडला तर भांड्यात नारिंगी पाणी. पाइप गंजली असेल, दोन दिवसांत निवळेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते निवळलं नाही. टब नारिंगी झाला, कमोड नारिंगी झाला, घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली, पण डाग हलला नाही. तिने बाथरूमचं दार लावून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? अख्ख्या काउंटीची तीच रड, मग हिने सांगायला काय हरकत होती? हरकत होती. आर्व्हेला लहान असताना शहरातून माणसं कॅमेरे घेऊन डोंगरातली गरिबी बघायला येत. तिच्या घरी आली त्या दिवशी शनिवार होता. तिची आई पोरांच्या आंघोळीचं पाणी तापवत होती, पोरं दिवसभर ओढ्यात लोळून आलेली. कॅमेरावाला म्हणाला, "बाई, आंघोळ जरा नंतर घाला." आईने त्याला कॉफी दिली, जेवून जा म्हणाली, आणि पाहुण्याचा शब्द मोडायचा कसा म्हणून पोरं तशीच ओसरीवर उभी केली. फोटो मासिकात आला. गावच्या दुकानात ते पान काउंटरवर कितीतरी दिवस उघडं पडलेलं होतं. चिखलाने बरबटलेली पोरं, आणि मधोमध शेंबड्या नाकाची आर्व्हेला. आत चुलीवर तापत असलेलं पाणी त्या फोटोत नव्हतं. आई पुन्हा त्या दुकानात गेली नाही. परक्या माणसाला ओसरीवर हवं ते खाऊपिऊ घाला, पण आत घेऊ नका, हे तिने पोरांना शिकवलं, आणि आर्व्हेला ते म्हातारी व्हायला आली तरी पाळत होती.

तर अशा बाईच्या ओसरीवर एका वसंतात शेल्बी आली. शेल्बी काउंटीच्या पाणी खात्यात नव्यानेच लागलेली पोरगी. घरोघरी जाऊन पाण्याचं विचारत होती. तिकडे मोठ्या बाईला, लग्न झालेली असली तरी, मानाने 'मिस' म्हणतात.

"मिस आर्व्हेला, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? गाजरं वेचून ताटाच्या कडेला ठेवणारी शेल्बी तू. अजून खात नाहीस ना?"

"आता खाते."

"खोटारडी. बस. ॲपल पाय केलाय."

शेल्बी झोपाळ्यावर बसली. आर्व्हेलाने पाय आणला, कॉफी आणली. झऱ्याच्या पाण्याची, अर्थातच. शेल्बी म्हणाली, खालच्या पुलापर्यंत काउंटीची पाइप येणार हे ठरलंय. पुढे खोऱ्यात न्यायची का नाही, ते इथल्या लोकांच्या गरजेवर.

"वरचे साहेब म्हणतात, जिथून मागणीच नाही तिथे पाइप नेऊन करायचं काय? म्हणून मी हिंडतेय. खोऱ्यात राहतंय तरी कोण आता, मिस आर्व्हेला?"

"राहतंय कोण! अगदी वरच्या टोकाला आयसन होते, ते ओहायोला गेले मुलाकडे. त्याखालचं घर शिकारीच्या दिवसांत उघडतं, एरवी त्यात साप राहतात. मग ते दोघे ब्रह्मचारी भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पण स्वयंपाक एकत्र. मग झेला, आणि तिची नात. मग मी. शाळेत माझ्यासमोर पूर्वी दोन रांगा लागायच्या गं पोरांच्या. आता एक लागते, आणि चमचा उचलेपर्यंत संपते. पोरं शाळेतून सुटली की खोऱ्यातूनही सुटतात."

"मी नाही ना गेले."

"तू येडी आहेस म्हणून."

दोघी हसल्या. मग शेल्बीने सहज विचारलं, "आणि तुमचं पाणी कसं आहे?"

विचारायला ती बसलेली होती घरच्यासारखी, ॲपल पायचा तुकडा खात. पण तिच्या गळ्यात काउंटीची ओळखपट्टी लटकत होती, नखं स्वच्छ होती, आणि हातातल्या फोनवर बोट टेकवून ती उत्तराची वाट बघत होती. वाईट आहे म्हटलं तर ती म्हणणार, दाखवा. मग बाथरूमचं दार उघडायला लागणार. कदाचित त्याच फोनवर फोटोही काढणार, कामासाठी म्हणून.

"चांगलं आहे गं," ती म्हणाली. "एस्टिलची विहीर आहे ती."

"माझे आजोबा पण सांगायचे. म्हणूनच कॉफी अशी होते बघा तुमची."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण खूप पाहिलेत. ही बाई तर दारात ताक घेऊन आलेल्याला म्हणाली, आमच्याकडे दुभतं आहे.

शेल्बीची गाडी वर जायला निघाली तोच झेलाचा फोन आला. झेला म्हणजे वरच्या घरातली, आर्व्हेलाची शाळेपासूनची मैत्रीण. तोंडाने फाटकी, मनाने मऊ. तिची मुलगी नशेच्या गोळ्यांच्या नादी लागून कुठे नाहीशी झाली, आणि मुलीची मुलगी, टॅन्सी, झेलाच्या पदरात पडली. झेलाची गाडी विटांवर उभी होती आणि आता गाडीखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

"ती पोरगी येऊन गेली का गं तुझ्याकडे? पाण्याचं विचारतेय म्हणे," झेला म्हणाली.

"गेली आत्ताच."

"काय सांगितलंस?"

"चांगलं आहे म्हटलं."

मग झेला म्हणाली, "बरं," आणि तिने फोन ठेवला.

पाइप पुलापर्यंत आली आणि थांबली. पुलाखालच्या लोकांच्या नळांना स्वच्छ पाणी आलं, बायकांनी दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या, आणि बकआय खोऱ्यातली माणसं गाडीतून जाताना त्या चादरींकडे बघायला लागली. झेला आर्व्हेलाच्या ओसरीवर बसून काउंटीतल्या झाडून सगळ्या अधिकाऱ्यांचा उद्धार करायची. "मत मागायला येतात तेव्हा बरा रस्ता सापडतो मेल्यांना! पाइपला तेवढा पूल आडवा येतो!" आर्व्हेला मान डोलवायची आणि तिच्या ग्लासात गोड चहा ओतायची. जनाची नाही तरी मनाची वाटावी म्हणतात. आर्व्हेलाला मनाची फार वाटत होती, पण ती जनाचीच जपत बसली.

थंडी पडायला लागली तशी टॅन्सीची कातडी फुटायला लागली. कोपरं, गुडघे, मानेची मागची बाजू, सगळीकडे लालभडक. शाळेत जेवणाच्या रांगेत तिच्या पुढचं पोर एक पाऊल पुढे सरके आणि मागचं एक पाऊल मागे. आर्व्हेला तिला बटाट्याचे तळलेले गोळे जास्त वाढायची. टॅन्सी म्हणायची, "मिस आर्व्हेला, तुमच्या एप्रनला साखरेचा वास येतो." आणि जाताजाता त्या एप्रनला गाल घासायची.

एका शनिवारी झेला टॅन्सीला हाताला धरून खाली आली. तिच्या दुसऱ्या काखेत टॉवेल होता, टॉवेलात साबण. मागायला येताना तिने स्वतःचा साबण आणला होता, कारण फुकट काही घ्यायचं नाही हे तिलाही तिच्या आईने शिकवलं असणार.

"आर्व्हेला, तुझ्या टबात पोरीला आंघोळ घालू दे," ती म्हणाली. "माझ्या नळाचं पाणी अंगाला लागलं की रडते. डॉक्टरीणबाई म्हणाली चांगल्या पाण्याने धू. चांगलं पाणी म्हणजे तुझंच."

आर्व्हेला दारात उभी होती. दाराच्या चौकटीला तिने दोन्ही हात लावले होते, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"टबला तडा गेलाय गं."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग टब राहू दे. बादली लावू का नळाखाली? मीच भरून नेते, तुला त्रास नाही."

"आज नको, झेला."

झेला तिच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात बोलली, आणि झेला हळू बोलली की समजावं, काहीतरी मोडलं. "त्या शेल्बीला मीसुद्धा चांगलं आहे म्हणाले, ठाऊक आहे तुला? मनात होतं, सगळ्या खोऱ्याचंच पाणी वाईट, आर्व्हेलाचं पण वाईट, असं सांगावं. पण तू चांगलं सांगितलंस. तुझं चांगलं आणि माझ्या एकटीचंच वाईट म्हटलं असतं, तर म्हणाले असते ही म्हातारी घर नीट ठेवत नाही. काउंटीवाल्यांनी पोर उचलून नेली असती माझी. पलीकडच्या खोऱ्यातली नेलीच ना तसली दोन. तुझं पाणी चांगलं आहे, चांगली गोष्ट आहे. मी कधी हेवा केला नाही. पण एक टबभर पाणी, आर्व्हेला."

आत्ता बोलावं, असं आर्व्हेलाला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तोवर खोटं एकट्या नळाचं राहिलं नव्हतं. पाइप त्यात होती, हे पोर त्यात होतं. आता खरं सांगायचं म्हणजे, तुझ्या नातीच्या अंगाची ही दशा माझ्यामुळे, असं सांगायचं. ती दारातून बाजूला झाली नाही.

"चल गं टॅन्सी," झेला म्हणाली.

त्या संध्याकाळी आर्व्हेला डोंगर ओलांडून गेली, सापडतील तेवढ्या बाटल्या भरून आणल्या आणि झेलाच्या पायरीवर ठेवून आली. सकाळी त्या सगळ्या तिच्या स्वतःच्या पायरीवर होत्या, एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. पुन्हा नेल्या, पुन्हा आल्या. झेला फोन उचलेना. चर्चमध्ये ती आता पलीकडच्या बाकावर बसायची. शाळेत टॅन्सी रांगेत यायची तेव्हा ताट पुढे सरकवून दोन्ही हात मागे घ्यायची. एप्रनबद्दल ती काही बोलली नाही. आर्व्हेलाला वाटलं, झेलाने पोरीला बोलू नकोस म्हणून दम भरला असेल. राग आहे, निवळेल. ही बाई अजूनही सगळं निवळेल म्हणून थांबत होती.

आणि मग व्हायचं तेच झालं. शाळेतल्या कुणीतरी टॅन्सीच्या अंगाची तक्रार वर कळवली, आणि मुलांची देखभाल बघणाऱ्या खात्याच्या पेनिंग्टनबाई शाळेत आल्या. बाई याच काउंटीतल्या, वाईट नव्हत्या. पण त्यांची गाडी ज्या दारात थांबे त्या घरातल्या आया पोरांना घट्ट धरून ठेवत. जेवणं आटोपल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. व्होंडा आणि बाकीच्या बायका पातेली घासत होत्या. त्या घासत राहिल्या, पण आवाज कमी करून.

"मिस आर्व्हेला, तुम्ही त्या मुलीच्या सर्वांत जवळच्या शेजारीण," पेनिंग्टनबाई म्हणाल्या. "मी आजीला भेटून आले. तिच्या नळाचं पाणी म्हणजे, देवा रे! पण तीच सांगते, तुमचं पाणी चांगलं आहे. सगळं खोरं तेच सांगतं. मला एकच कळत नाही. शेजारी चांगलं पाणी असताना आजी पोरीला तसल्या पाण्याने धुते, याचा अर्थ तिला पोरीची पर्वा नाही, नाहीतर ती कुणाचं ऐकत नाही. दोन्ही असलं तरी पोर तिथे ठेवणं मला अवघड आहे. तिने कधी मागितलं का तुमच्याकडे पाणी?"

स्वयंपाकघरातलं घासणं थांबलं. सगळ्यांच्या पाठी आर्व्हेलाकडे होत्या आणि सगळ्यांचे कान.

नाही म्हणायचं तर टॅन्सी गेली. हो म्हणायचं तर आर्व्हेला गेली. काही माणसं अशा वेळी धीट होतात असं ऐकतो आपण. आर्व्हेला धीट वगैरे काही झाली नाही. तिने कट्टा धरला.

"मागितलं होतं," ती म्हणाली. "पोरीला घेऊन आली होती. टॉवेल घेऊन आली होती. मीच नाही म्हटलं."

"का?"

आर्व्हेलाचा चेहरा तापून लालबुंद झाला. "कारण माझं पाणी तिच्याहून वाईट आहे. कधीपासूनच. एस्टिल गेला, मग विहीरही गेली. तुमच्या त्या शेल्बीला मी खोटं सांगितलं. झेलाला खोटं सांगितलं. मी चांगलं म्हटलं म्हणून झेला चांगलं म्हणाली, आणि आम्ही म्हटलं म्हणून पाइप आली नाही. त्या पोरीचं जे झालंय ना, ते झेलाने केलेलं नाही. ते मी केलंय."

मग व्होंडाने, जिचं आर्व्हेलाशी कधी फारसं पटलं नव्हतं, नळ बंद केला आणि पातेल्यात बघत म्हणाली, "पण मग तो एप्रन?"

"डोंगरापलीकडे धुते."

"अगं बाई," व्होंडा म्हणाली. "मी पण तिकडेच जाते. मंगळवारी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. पेनिंग्टनबाईंनी हातमोजे चढवले आणि त्या म्हणाल्या की घर बघावं लागेल. आर्व्हेला त्यांच्या पुढे गाडी चालवत खोऱ्यात आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने परक्या माणसाला ओसरीच्या आत घेतलं, बाथरूमपर्यंत नेलं आणि दार उघडलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला, मग चटकन काढला, आपण तसं करायला नको होतं हे कळून. तो काढलेला रुमाल आर्व्हेलाला लावलेल्या रुमालापेक्षा जास्त लागला.

बाईंनी फोटो काढले. निघताना त्या म्हणाल्या, "पोर आजीकडेच राहील. पाणी अख्ख्या खोऱ्याचंच वाईट असेल तर एकटीला दोष कसा देणार? उद्यापासून टँकरने पाणी पाठवायला सांगते दोन्ही घरांना. शेल्बीशीही बोलते. पण मिस आर्व्हेला, हे तुम्ही शेल्बीला वसंतातच सांगायला हवं होतं." आर्व्हेला म्हणाली, "हो."

शाळेच्या स्वयंपाकघरात बोललेली गोष्ट खोऱ्यात पोचायला वेळ लागत नाही. उन्हं उतरायच्या आत झेला दारात हजर. तिच्यामागे टॅन्सी. झेलाने दार वाजवलं नाही, बस म्हणायची वाट बघितली नाही, सरळ आत घुसली.

"कुठे आहे तो?"

"कोण?"

"टब!"

आर्व्हेला बाजूला झाली. झेला बाथरूमच्या दारात उभी राहून बघत राहिली. तो नारिंगी टब, ती नारिंगी रेघ, घासून घासून खरवडलेला तळ. आर्व्हेला तिच्या पाठीकडे बघत उभी होती. झेलाने आरडाओरडा करावा, शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत द्यावी, यातलं काहीही चाललं असतं तिला.

"एवढंच?" झेला म्हणाली. "याच्यासाठी?"

"मला लाज वाटत होती, झेला."

"लाज! कुणाची? माझी? माझा टब कसा आहे ते बघितलंयस कधी? अगं, तू तेव्हा दार उघडून नुसता हा टब दाखवला असतास, तर आपण दोघी इथे खाली बसून हसलो असतो. आणि मग दोघींनी मिळून त्या शेल्बीच्या कचेरीत जाऊन तिचं डोकं खाल्लं असतं." तिचा आवाज फाटला. "मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, तुला माझ्या पोरीची किळस आली. आणि तुझा राग नाही आला गं मला. मला वाटलं बरोबरच आहे तिचं. घरी जाऊन मी पोरीला समजावलं. आर्व्हेलाच्या घरी जायचं नाही, तिला शिवायचं नाही, तिला त्रास होतो. आपण असे आहोत, आणि ती स्वच्छ बाई आहे."

आर्व्हेलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातल्या बायकांसमोर, पेनिंग्टनबाईंच्या रुमालासमोर जे वाटलं होतं त्याला ती लाज म्हणत होती. ती लाज नव्हतीच. ती नुसती अब्रूची काळजी होती. लाज ही आत्ता वाटत होती, या पोरीसमोर, आणि कुठल्याच पाण्याने ती जाण्यासारखी नव्हती.

टॅन्सी अजून ओसरीवरच होती. उघड्या दारातून आत बघत होती.

"ये ना गं आत," आर्व्हेला म्हणाली. "ये बाळा. बाहेर थंडी आहे."

टॅन्सीने आजीकडे पाहिलं. झेलाने मान हलवली. तेव्हा टॅन्सी खाली बसली, बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत नीट कोंबले. मग उठून, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरून, ती उंबऱ्याच्या आत एक पाऊल आली.

"मिस आर्व्हेला," ती म्हणाली, "मी कशालाच हात लावणार नाही हं."